ब्रेक उत्तम, बॅटरी खलास

लिंबाजी गार्डांचे गुडघे वाजायचे. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतातच, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही ते ऐकलेले नाहीत. ते खाटेवरून उठले की आमच्या पूर्णा गावातल्या अर्ध्या गल्लीला वाटायचं, कुणीतरी पापडाचं पोतं अंगणात ओतून त्यावरून ट्रॅक्टर नेला. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घराला चिकटून होतं, मधली भिंत एकच. गुडघा वाजला की मी चहाचं पाणी ठेवायचो, कारण बरोबर चार मिनिटांनी गार्डसाहेब माझ्या दारात उभे राहायचे. अंतर दहा पावलांचं. "राइट टाइम," असं घड्याळ बघून म्हणायचे आणि मगच टेकायचे.

तीस-पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. ही बातमी मीच त्यांना सांगितली आणि पस्तावलो. तीन दिवस चहाला आले नाहीत. चौथ्या दिवशी येऊन एवढंच म्हणाले, "मॅनेजर लॉजवर असतो. गाडीवर गार्ड असतो."

गार्डाची जागा शेवटच्या डब्यात. ती जागा त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसायचे, फोटोत शेवटच्या टोकाला उभे राहायचे आणि दवाखान्यात पहिला नंबर लागला तर डॉक्टरला म्हणायचे, "आधी समदे जाऊ द्या." मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाले, "गार्डाच्या मागं काही ऱ्हात नसतं बाबा. म्या सुटलो म्हंजी समदं सुटलं." इंजिन या वस्तूबद्दल त्यांना मनापासून तुच्छता होती. उभ्या नोकरीत आपण इंजिनाला हात लावला नाही, हे ते अशा थाटात सांगायचे, जसं दुसरा कुणी दारूला शिवलो नाही म्हणून सांगतो. "ड्रायव्हर काय, पुढं बगतो. पुढं कुणीबी बगतंय. मागं बगायला अक्कल लागती."

निवृत्त झाल्यावरही त्यांनी एक काम सोडलं नाही. पाचच्या सुमाराला परभणीकडे जाणारी पॅसेंजर बाजारामागच्या फाटकावरून जायची. गार्डसाहेब फाटकाशी उभे राहून ती 'पास' करायचे. म्हणजे एकेक चाक जाताना बघायचं, कुठं काही लोंबत नाही, कुठून धूर येत नाही याची खात्री करायची, आणि शेवटचा डबा आला की त्यातल्या गार्डाला हिरवी झेंडी दाखवायची. तोही आतून हिरवी दाखवायचा. झालं. यासाठी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पण त्या लाइनवरच्या नव्या पोरसवदा गार्डांनासुद्धा ठाऊक होतं, की पूर्ण्याच्या फाटकाशी एक म्हातारा असतो आणि त्याला उत्तर द्यायचं असतं.

मग गुडघे पूर्णच बसले. वर्षभर गार्डसाहेब खाटेवर. पाच वाजता लांबून गाडीचा आवाज आला की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "आज कुणी बगितलं न्हाई गाडीला."

"मंग?" त्यांच्या बायकोचं, कावेराबाईंचं उत्तर. "ती काय परभणीला जाऊन रडली का?"

त्यांचा एकुलता एक बालाजी पुण्याला कंपनीत. त्याचा दर रविवारी फोन. "बाबा, इकडे या. चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्ट वर जाती, खाली येती. पुढं कुठं जाती ती?"

पण बालाजीचंही चूक नव्हतं. दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक खाटेवर. त्यानं सांगून टाकलं: दिवाळीपर्यंत बघू, तुम्ही घराबाहेर पडायला लागलात तर ठीक, नाहीतर मी येऊन घेऊन जाणार. चौथा मजला म्हणजे गार्डसाहेबांच्या लेखी काळं पाणी. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर तीनदा थाप मारली. ही आमची खूण. मी गेलो. म्हणाले, "त्या बसून चालवायच्या बॅटरीच्या गाड्या असतेत, म्हाताऱ्यांच्या. भाव काढ."

मी मोबाइलवरून भाव काढला. नवी गाडी एक लाख दहा हजार. कावेराबाईंच्या हातातलं सूप पडलं. "लाखाची खुर्ची? लाखाला दगडूची म्हैस येती, आन वर दूध देती!" दगडू गवळी समोरच राहायचा. त्याची ती म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहून रवंथ करायची आणि तिच्यामुळे गल्लीतला प्रत्येक माणूस आयुष्यात सरासरी दोन वर्षं उशिरा पोचायचा.

तरी गार्डसाहेबांनी कंपनीला फोन लावायला लावला. पलीकडून दिल्लीची एक गोड मुलगी. तिनं विचारलं, "सर, घर के अंदर चलाएँगे या बाहर?"

"ब्रॉडगेज," गार्डसाहेब म्हणाले.

तिनं फोन होल्डवर टाकला तो आजतागायत होल्डवरच आहे.

शेवटी नांदेडला जुनी गाडी मिळाली. एका मयत शेठजींच्या मुलाला ती काढायची होती. लाल रंग, चार चाकं, पुढे हॅण्डल, बसायला पंख्यासारखी फिरणारी गुबगुबीत खुर्ची. भाव पंचावन्न हजार. मी गार्डसाहेबांना घेऊन, म्हणजे अक्षरशः उचलून, नांदेडला गेलो. आणि तिथं मी पाहिली ती तपासणी मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी सोबत हातोडी आणली होती. प्रत्येक चाकावर ठोकून कान लावला. दिवा हलवून बघितला. मागची लाल काच रुमालानं पुसून त्यात स्वतःचा चेहरा बघितला. मग ब्रेक. त्या बंगल्याच्या आवाराला चांगला उतार होता. गार्डसाहेब वर बसले, गाडी सुर्रकन् निघाली, ब्रेक लावला, जागच्या जागी थांबली. "पुन्यांदा." मी आणि शेठजींचा मुलगा ती ढकलत वर आणायचो. पुन्हा सुर्रकन्, पुन्हा ब्रेक. असं अकरा वेळा. गार्डसाहेबांचा चेहरा उजळला. "असा ब्रेक म्या आगगाडीलाबी बगितला न्हाई." बेचाळीस हजाराला सौदा पटला.

अकरा वेळा गाडी वर ढकलताना माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न यायला हवा होता. पण मी झेरॉक्सवाला. आणि ते गार्ड.

गाडी रीतसर पार्सल करून पूर्ण्यात उतरवली. गल्ली जमली. कावेराबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गार्डसाहेब बसले, मी किल्ली फिरवली, खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. पूर्ण्याची जमीन सपाट आहे हो. उतार नांदेडलाच राहिला होता.

रफिकभाईला बोलावलं. रफिकभाई म्हणजे इन्व्हर्टर, मोटार, मिक्सर, कूलर, जे जे विजेवर चालतं आणि बंद पडतं त्या सगळ्याचा आमच्याकडचा धन्वंतरी. त्यानं सीट वर केली, आत बघितलं आणि हळूच टोपी काढली.

"काका, ये बॅटऱ्या नहीं, पुरियां हैं. फुगके टम्म हुई पड़ीं. दो साल से तो मुर्दा हैं. लेते वखत देखे नहीं क्या?"

"ब्रेक बगितला," गार्डसाहेब म्हणाले.

"और बॅटरी?"

"ती ड्रायव्हरची बाब हाय."

रफिकभाईनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. कावेराबाई म्हणाल्या, "तेवडा ब्रेक काढून इका आन बाकीचं भंगारात घाला."

कंपनीच्या नव्या बॅटऱ्यांची जोडी चोवीस हजार. बरं, बसवायला दिल्लीचा इंजिनिअर येणार, त्याचा येण्याजाण्याचा खर्च वेगळा. गार्डसाहेबांनी त्याला कुठल्या गाडीनं यायचं, कुठं बदलायचं, कुठल्या स्टेशनवर भजी चांगली मिळतात, सगळं फोनवर लिहून घ्यायला सांगितलं. तो आला नाही. मग रफिकभाईनं डोकं चालवलं. एका मंगल कार्यालयाच्या इन्व्हर्टरच्या दोन जुन्या बॅटऱ्या सात हजारांत आणल्या. त्या बॅटऱ्यांनी दोनशे लग्नं लावली होती, आणि त्या नवरदेवाच्या मामाइतक्या जड होत्या. सीटखाली मावेनात. म्हणून जुन्या कूलरचा स्टँड, भाजीच्या हातगाडीची दोन चाकं आणि चार किलो वेल्डिंग असं तीन हजारांत एक छोटं डबडं तयार झालं, ते गाडीच्या मागे जोडलं आणि बॅटऱ्या त्यात ठेवल्या. वर पाट टाकला.

"काका, अब दबाओ."

किल्ली फिरताच गाडी गुरगुरली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पण गाडी हलेना. रफिकभाई घाबरला, वायरी तपासल्या, सगळं ठीक. मग लक्षात आलं, गाडीला काही झालेलं नाही, गार्डसाहेबच खटका दाबत नाहीयेत.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागून सिग्नल न्हाई," ते म्हणाले.

अहो, ते जन्मभर मागून सिग्नल देत आलेले. त्याशिवाय गाडी हलते हे त्यांच्या शरीराला माहीतच नव्हतं. त्यांनी उपाय करून बघितला. वळून मागे स्वतःच हिरवी झेंडी दाखवायची आणि गर्रकन् पुढे फिरायचं. पण पुढे फिरेपर्यंत त्यांना शंका यायची, की मागे आता कोणी आहे की नाही. पुन्हा वळायचे. खुर्ची फिरणारी. पंचवीस मिनिटं ते उसाच्या चरकासारखे फिरत होते. रफिकभाईला भोवळ आली. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "मला उतरवा." आम्ही उतरवलं, आणि ते सरळ मागच्या डबड्यावर, बॅटऱ्यांच्या पाटावर, पुढे पाठ आणि मागे तोंड करून बसले. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा इतका निवांत बघितला.

"हां. माजी जागा ही हाय."

"मंग चालवणार कोण?" कावेराबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना दिसलं, की सगळी गल्ली त्यांच्याकडेच बघतेय.

"म्या?"

कावेराबाई जन्मात सायकलवर बसलेल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, खुर्चीवर बसल्या, हॅण्डल म्हशीच्या शिंगांसारखं धरलं आणि म्हणाल्या, "वाजवा तुमची शिट्टी."

त्या गाडीचा वेग कंपनीनं ताशी बारा किलोमीटर ठरवला होता. कावेराबाईंना कंपनी माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी दोन कुत्री, एक मोटारसायकलवाला आणि मिरवणुकीचा एक रिकामा घोडा यांना त्यांनी मागे टाकलं. पस्तीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या मालगाडीची वाट बघत ताट झाकून बसली होती, कधी आठ तास लेट, कधी अठरा. आता स्टिअरिंग तिच्या हातात आलं. मागून गार्डसाहेब हळू चालव म्हणून शिट्टी फुंकायचे. त्या शिट्टीनं पुलावरचे पारवे उठून थेट मानवतला जाऊन बसायचे, पण कावेराबाईंवर ढिम्म परिणाम नाही. "ह्या शिट्टीला म्या पस्तीस साल उठलेय. आता न्हाई उठत."

डबड्याच्या पाठीवर मी पिवळ्या रंगानं मोठी फुली काढून दिली, रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर असते तशी. ती फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली, मागे काही सुटलं नाही, असं समजायचं. आणि मग गार्डसाहेबांनी गल्लीला नियम लावले. ज्याच्या दारावरून गाडी जाईल त्यानं हिरवं दाखवायचं. नाही दाखवलं तर गाडी थांबणार, चौकशी होणार. आता प्रत्येकाच्या घरी झेंडी कुठून असणार? कुणी लिंबाचा डहाळा दाखवायचं, कुणी हिरव्या मिरच्या, एक म्हातारी तर दारात बसून चुडा भरलेला हात वर करायची. मी कोथिंबिरीची जुडी दाखवायचो. ती मी मुद्दाम रोज आणायचो. त्यामुळे माझ्या घरी वर्षभर सकाळसंध्याकाळ कोथिंबीर-वड्या झाल्या आणि बायको माहेरी जाण्याची भाषा बोलू लागली. लाल मात्र दाखवायचं नाही. एकदा दगडूच्या अंगणात लाल परकर वाळत होता. गाडी त्याच्यासमोर वीस मिनिटं उभी. शेवटी दगडूच्या बायकोनं परकर ओढून घेतला, आणि गार्डसाहेबांनी वहीत लिहिलं: 'सिग्नल उशिरा मिळाला.' त्या वहीत रोजची नोंद असायची. बहुतेक दिवशी एकच: 'म्हैस. ११ मिनिटं.'

पण पाचला फाटकाशी गाडी पोचायचीच. पोचली की ते उभ्या आगगाडीसारखे ताठ व्हायचे, डबा डबा निरखायचे, शेवटच्या गार्डाला हिरवी द्यायचे, घ्यायचे. परतताना त्यांचे गुडघेसुद्धा वाजायचे नाहीत.

गाडी पाळणं म्हणजे काय असतं ते आम्हाला त्या वर्षात कळलं. चार्जरची वायर उंदरांनी खाल्ली, नवा चार्जर साडेचार हजार. पुढचं एक टायर काट्यानं गेलं. कंपनी म्हणाली एक टायर देत नाही, चारही घ्या, सहा हजार आठशे. मोटारीचे ब्रश रफिकभाईनं जुन्या मिक्सरचे घासून बसवले, दीडशे रुपयांत. तेव्हापासून गाडी सुरू झाली की चटणी वाटल्यासारखा आवाज यायचा आणि शेजारणी जेवणाच्या वेळी दचकायच्या. पावसाळ्यात कंट्रोलर नावाची एक डबी भिजून मेली. मेंदूच तो गाडीचा. नऊ हजार. रफिकभाईनं नव्या डबीवर पिशवी बांधली, पिशवीवर मेणकापड, मेणकापडावर आणखी पिशवी. ती डबी मग ऊन पडलं की घाम फुटून आजारी पडायची.

दिवाळीच्या आधी बालाजी आला. हुशार पोरगा. त्यानं आल्या आल्या मोबाइलवर बेरीज केली.

"बाबा, बहात्तर हजार साडेचारशे. यात रोज फाटकापर्यंत रिक्षानं गेला असतात तरी पाच वर्षं पुरले असते!"

"रिक्षात तोंड पुढं असतंय," गार्डसाहेब म्हणाले.

बालाजीनं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "बाबा, मला खर्चाचं नाही. ही गाडी एखाद्या दिवशी रस्त्यात बंद पडेल, तुम्ही दोघं उन्हात अडकाल, मी तिकडे. मला रात्री झोप लागत नाही." ते ऐकून कावेराबाई आत गेल्या आणि उगाच भांडी वाजवू लागल्या. बालाजी पुढे म्हणाला, "असं करू. उद्या पाचच्या गाडीला तुम्ही फाटकापर्यंत जा आणि परत या. मी शेजारून चालतो. वाटेत कुणाला ढकलावं लागलं, तर सामान बांधायचं. नाही लागलं, तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"कबूल?" त्यानं विचारलं.

गार्डसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. "कबूल."

दुसऱ्या दिवशी रफिकभाईनं गाडीची अशी सेवा केली, की लग्नाआधी नवरीचीही होत नाही. साडेचारला शिट्टी झाली. दारोदारी लिंबाचे डहाळे, मिरच्या, चुडे. मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या दाखवल्या. बालाजी शेजारून चालत होता, म्हणजे धावत होता, कारण कावेराबाई पुढे होत्या. मी दुकान उघडं टाकून मागे पळालो. माझ्यामागे रफिकभाई. सगळं बेस चाललं होतं.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक खड्डा आहे. तो खड्डा इतका जुना आहे की त्याच्या सातबाऱ्यावर वारस लागलेत. कावेराबाईंनी तो उडवून पार करायचं ठरवलं. धाड! चटणीचा आवाज बंद झाला. सीटखालून निळा धूर निघाला. पंधरा मिनिटं उरली होती आणि फाटक अजून तीनशे पावलांवर.

रफिकभाईनं सीट उघडली. पिशव्या आणि मेणकापड वितळून एक झालं होतं. "काका, कंट्रोलर गया. भेजा जल गया."

बाजारातले लोक धावले. हमाल, भाजीवाले, कापसाच्या गाडीवरचे दोघं. चाळीस हात पुढे आले. आणि गार्डसाहेबांनी लाल झेंडी काढून अशी शिट्टी मारली, की चाळीसही हात हवेत थांबले.

"हात लावू नका! कुणीबी ढकलायचं न्हाई!"

बालाजी म्हणाला, "बाबा, राहू द्या आता." त्याचा आवाज हळू होता. जिंकल्यासारखा नव्हता.

गार्डसाहेबांनी घड्याळ बघितलं. झेंडी गुंडाळली. एवढा दांडगा माणूस, पण त्या पाटावर एकदम लहान दिसायला लागला. मला चौथा मजला दिसला आणि खिडकीत उभं केलेलं हे मागे बघणारं तोंड.

तेव्हा पुढून कावेराबाईंचा आवाज आला. मान न वळवता. "गार्ड, झोपलाव काय? इंजिन फेल झालंय. दुसरं इंजिन मागवा."

गार्डसाहेबांनी मान वर केली. रेल्वेत इंजिन फेल झालं की गार्ड कागद लिहून दुसरं इंजिन मागवतो. हे त्यांनी नोकरीत पन्नासदा केलं असेल. त्यांनी वही काढली, पान फाडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'इंजिन निकामी. दुसरं द्यावं.' तो कागद हातोहात पुढे गेला. कावेराबाईंनी तो रस्त्यात बाजूला उभ्या असलेल्या दगडू गवळ्याच्या हातात दिला. दगडूला वाचता येत नव्हतं.

"काय हाय हे काकू?"

"तुजी म्हैस लिवलीय त्यात. आण हिकडं."

म्हैस लांब नव्हतीच. नेहमीसारखी रस्त्याच्या मधोमध होती. तिला हॅण्डलला दोर बांधून जुंपली. नऊ मिनिटं उरली. मी म्हणालो, चला! तर गार्डसाहेब म्हणतात, "थांब. नवं इंजिन लागलं की ब्रेक तपासायचा असतोय."

"काका!" रफिकभाई ओरडला. "टाइम!"

"नियम हाय."

कावेराबाईंनी ब्रेक दाबला. दगडूनं म्हैस हाकली. म्हशीनं सगळी ताकद लावली. गाडी तसूभर हलली नाही. म्हशीनं मागे वळून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः दुसऱ्या कुणामुळे अडली होती. गार्डसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगितलं? म्हणलं होतं ना, असा ब्रेक न्हाई." मग त्यांनी हिरवी झेंडी वर केली, शिट्टी मारली, आणि ती म्हैस, जिच्यामुळे सबंध गल्ली वर्षानुवर्षं उशिरा पोचली, ती म्हैस अशी सुटली की दगडूची चप्पल बाजारातच राहिली.

फाटक पडलं होतं. पॅसेंजर आली. डबे एकामागून एक गेले, गार्डसाहेबांची नजर चाकांवर. बालाजी माझ्या शेजारी उभा होता, आणि मी बघितलं, की तो ओठांत डबे मोजतोय. लहानपणी तो याच फाटकाशी आईचं बोट धरून डबे मोजायचा म्हणे. शेवटच्या डब्यात बाप असायचा. शेवटचा डबा आला. आतला तरुण गार्ड दाराशी उभा होता. त्यानं लाल गाडी बघितली, डबडं बघितलं, पुढची म्हैस बघितली, आणि काही झालेलंच नाही अशा चेहऱ्यानं हिरवी झेंडी बाहेर धरली. इकडून हिरवी गेली. गाडी पास झाली.

"कुणी ढकललं का?" गार्डसाहेबांनी बालाजीला विचारलं.

"नाही, पण बाबा, म्हैस..."

"हे जंक्शन हाय. हितं इंजिन बदलतेत. त्याला फेल म्हणत न्हाईत."

बालाजी हसायला लागला. हसता हसता फाटकाला टेकला. परत येताना तो डबड्याशेजारून चालला, मागे तोंड करून, बापाशी बोलत, तीनदा ठेचकाळला. तिसऱ्या दिवशी त्यानं रफिकभाईला नव्या डबीचे नऊ हजार दिले, आणि दगडूला दरमहा थोडे पैसे ठरवून दिले, म्हशीला 'राखीव इंजिन' म्हणून. पाचच्या पॅसेंजरनं तो परत गेला. बसला कुठं असेल? शेवटच्या डब्यात. फाटकावरून जाताना दारातून हिरवी पाण्याची बाटली हलवत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुकान परभणीला हलवलं. शेवटच्या दिवशी टेम्पो भरून झाला, मी रिकाम्या दुकानाला कुलूप लावत होतो, तेवढ्यात चटणीचा आवाज आला. पावणेपाच. गाडी माझ्यासमोरून गेली, आणि शिट्टी झाली, आणि चक्क कावेराबाईंनी ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली.

"आता काय झालं?" कावेराबाई.

"हितला सिग्नल न्हाई," मागून गार्डसाहेब म्हणाले. माझ्याकडे बघत होते.

माझ्याकडे हिरवं काहीच नव्हतं. सगळं टेम्पोत. मी खिसे चाचपले, कुलपाची किल्ली दाखवली, ती त्यांना चालेना. कावेराबाईंनी हॅण्डलला लटकवलेल्या बाजाराच्या पिशवीत हात घातला आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या अंगावर फेकली. "दाखव बाबा लवकर. गाडी चुकंल."

मी जुडी वर धरली. गार्डसाहेबांनी घड्याळ बघितलं, हिरवी झेंडी बाहेर काढली, शिट्टी दिली. गाडी निघाली. त्यांचं तोंड माझ्याकडे, त्यामुळे ते जाताना शेवटपर्यंत दिसत राहिले. आधी मिशा दिसेनाशा झाल्या, मग झेंडी, मग नुसती पिवळी फुली, आणि वळणावर तीही.

गार्डाच्या मागं काही राहत नाही, असं ते म्हणायचे. मी राहिलो होतो. हातात कोथिंबीर घेऊन.